कुत्रा घ्यायचा तर आधी त्याचं काम विचारा



मी बेळगावचा. बी.कॉम. झाल्या झाल्या बँकेत चिकटलो, छत्तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त होऊनही आता पंधरा वर्षं झाली. या पानावर आजवर वाड्याच्या, गणपतीच्या आणि बदल्यांच्या आठवणी लिहिल्या. आजच्या लिखाणात आठवणी थोड्या आणि मत जास्त आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय कुत्र्याचा आहे. माझा पुतण्या बडोद्याला असतो. त्याच्या मुलाला, वय वर्षं चोवीस, नॉर्वेचा एल्कहाउंड पाळायचाय. मोबाइलवर फोटो पाहिले, पिल्लं विकणारा कोणी गाठला, त्याने आगाऊ रक्कम मागितली, आणि मग मला फोन. "अण्णा आजोबा, निम्मे पैसे तुम्ही द्या, दर महिन्याला फेडतो." मी नाही म्हटलं. तेव्हापासून घरात कुरबुर चालू आहे. आमच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी बँकेतून निवृत्त झाले, पण अर्ज नामंजूर करायची सवय काही गेली नाही."

असू दे. फोनवर कारणं नीट सांगता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. शिवाय हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरचा नाही. हैदराबाद, इंदूर, बडोदा, कुठेही नातेवाइकांकडे जा, आपल्या मराठी घरांतून हल्ली हस्की दिसतो, सेंट बर्नार्ड दिसतो. पूर्वी दारात मारुती आली की पेढे वाटायचे, तसं आता बर्फातल्या कुत्र्याचं झालंय.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कुत्र्याची जात म्हणजे त्याचं काम आणि त्या कामाची हवा. रूप हे त्या दोन्हींमधून आलेलं असतं. काम आणि हवा देता येणार नसेल, तर नुसतं रूप विकत घेऊ नये.

आता हा एल्कहाउंड मला कसा ठाऊक, ते सांगतो. माझी लेक २०१२ पासून नॉर्वेत ट्रॉन्हाइमला असते. आम्ही दोघं चार वेळा जाऊन आलो, दर वेळी अडीच-तीन महिने. तिच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. त्यांच्याकडे करड्या रंगाचा एल्कहाउंड आहे, नाव बाम्से. मास्तर रिकामे, मीही रिकामा. रोज सकाळी मास्तर, बाम्से आणि मी असे तिघे टेकडीवर जायचो. मास्तरांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, त्यामुळे गप्पांना अडचण नव्हती. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या फेरफटक्यांत पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. घरी आल्यावर पुस्तकांतून पडताळूनही पाहिलं. व्हाउचर बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा जुना नियम.

आधी नावाचा घोळ. नॉर्वेच्या भाषेत 'एल्ग' म्हणजे मूस, तो प्रचंड शिंगांचा सांबराच्या कुळातला प्राणी, आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. एल्गहुंड म्हणजे मूसचा कुत्रा. इंग्रजांनी त्याचं 'एल्कहाउंड' केलं आणि लोकांना वाटायला लागलं की हा पळून शिकार धरणारा लांब पायांचा हाउंड असणार. प्रत्यक्षात तो स्पिट्झ घराण्यातला. उभे टोकदार कान, दाट केस, पाठीवर घट्ट वळलेली शेपटी. तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडे घरोघरी जो पांढरा 'पॉमेरियन' असायचा ना, त्याचा हा थोरला, दणकट भाऊबंद समजा. नर खांद्याशी साधारण ५२ सेंटिमीटर, मादी ४९. वजन २२ ते २५ किलो. म्हणजे फार मोठा नाही, पण उचलायला गेलात तर दगड उचलल्यासारखं वाटतं. काळा एल्गहुंड ही नॉर्वेत वेगळी जात मानतात, तो थोडा लहान आणि हलका. स्वीडनचा याम्टहुंड याच कामाचा, पण चांगला उंच, आणि १९४६ साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली. फिनलंडचा काळा-पांढरा कॅरेलियन तर अस्वलावरही जातो. एकूण उत्तरेकडच्या जंगलात कामं वाटून दिलेली आहेत.

आता काम. मूस म्हणजे काय चीज आहे ते डोळ्यांसमोर आणा. मोठा नर ४००-५०० किलोपर्यंत भरतो. घोड्याएवढा उंच, आणि पुढच्या खुराचा एक फटका कुत्र्याला आडवा करायला पुरे. अशा प्राण्यासमोर हा पंचवीस किलोचा कुत्रा करतो काय? धरत नाही, चावत नाही. तो त्याला थांबवतो. नाकाने माग काढत जातो, कधी वाऱ्यावरचा वास घेत जातो, मूस सापडला की समोर जाऊन भुंकायला लागतो. पुढे झेप, मागे झेप, डावीकडे, उजवीकडे. मूसला वाटतं ही काय कटकट आहे, पण पळून जाण्याएवढी भीती वाटत नाही. तो तिथेच उभा राहतो. कुत्रा भुंकत राहतो, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. शिकारी त्या आवाजाच्या रोखाने, वाऱ्याची दिशा सांभाळत, हळूहळू जवळ येतो.

यात मेख अशी की कुत्रा फार आक्रमक असला तर मूस पळतो किंवा कुत्र्याला मारतो, आणि भित्रा असला तर मूस त्याला मोजतच नाही. धाडस हवं आणि ते बेतानेही हवं. मास्तर सांगायचे, आवाजावरून सगळं कळतं. मूस उभा असेल तर भुंकण्याची एक लय, तिला ते 'स्टोलोस' म्हणतात. मूस चालायला लागला की लय बदलते, ते 'गांगलोस'. हल्ली कुत्र्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो आणि शिकारी मोबाइलवर बघतो, पण मास्तरांचा भरवसा कानावरच. एकदा सप्टेंबरअखेरीला आम्ही तिथे होतो तेव्हा मी त्यांच्याबरोबर जंगलाच्या कडेपर्यंत गेलो होतो. दीड-दोन किलोमीटरवरून बाम्सेचा आवाज येत होता, सुतारकाम चालू असल्यासारखा, एका ठोक्यात. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मला त्या वेळी आमच्या बँकेतले जुने हेडकॅशियर आठवले. नोटांच्या आवाजावरून ते बंडलात खोट ओळखायचे.

कामाची दुसरीही एक पद्धत आहे. त्यात कुत्रा लांब दोरीवर असतो आणि शिकाऱ्याला घेऊन चुपचाप मागावर जातो. तिथे भुंकणं वर्ज्य. एकाच जातीकडून दोन्ही कामं करून घेतात, कुत्र्याच्या स्वभावाप्रमाणे आणि शिकवणीप्रमाणे.

मला माणूस म्हणून शिकारीची आवड नाही. पण तिथली शिस्त बघून बँकवाल्याला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मूसचा हंगाम बहुतेक ठिकाणी २५ सप्टेंबरला सुरू होतो आणि नाताळच्या आत संपतो. कोणत्या भागात किती मूस मारायचे याची परवानगी तिथली नगरपालिका देते. शिकाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते, आणि मोठ्या जनावरांसाठी दरवर्षी नेमबाजीची चाचणी वेगळी. जनावर जखमी होऊन पळालं तर त्याचा माग काढणारा, मान्यताप्राप्त कुत्रा हाताशी असल्याशिवाय मूसच्या शिकारीला जाताच येत नाही, असा कायदा आहे. देशात वर्षाला साधारण ३० हजार मूस मारले जातात, मांस गटातल्या लोकांत वाटलं जातं आणि घरोघरचे फ्रीझर भरतात. म्हणजे हा कुत्रा तिथे हौसेची वस्तू नाही, एका चालू व्यवहारातला कामकरी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. १८७७ साली नॉर्वेच्या शिकारी संघटनेने पहिलं श्वानप्रदर्शन भरवलं, त्यात हा कुत्रा होता. तेव्हापासून त्याचं रूप मोजून-मापून ठरलेलं आहे. तरीही आज त्याच्या मायदेशात नुसत्या देखणेपणावर त्याला चॅम्पियन होता येत नाही, जंगलातल्या चाचणीत बक्षीस मिळवावं लागतं. ताळेबंद कितीही सुंदर मांडला तरी धंदा चालतोय का ते बघूनच कर्ज द्यायचं, तसंच हे. ज्या दिवशी फक्त रूप बघून पैदास सुरू होते, त्या दिवसापासून जात आतून पोकळ व्हायला लागते. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हेलियर नावाच्या एका लाडक्या छोट्या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली, कारण त्या कुत्र्यांना पिढीजात आजार फार. रूपाची किंमत कुत्रा भरतो, हे तिथल्या न्यायालयाला पटलं.

आता या कामाने आणि हवेने कुत्र्याला काय दिलं ते बघू, म्हणजे बडोद्याचा हिशेब मांडता येईल.

पहिलं, अंगरखा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ आणि सरळ, पाणी-बर्फ झटकणारे. खाली मऊ, दाट लोकर, ऊब धरून ठेवणारी. आमच्या सौ.ने मास्तरांना पहिल्याच आठवड्यात विचारलं, "याला अंघोळ कधी घालता?" ते म्हणाले, "वर्षातून एखाद-दोनदा, तीही गरज पडली तर." हिला धक्काच बसला. पण खरंच बाम्सेच्या अंगाला वास नव्हता. चिखल वाळला की झडून जायचा. वारंवार साबण लावला तर केसांतलं नैसर्गिक तेल जातं. मात्र केस विंचरणं चुकवायचं नाही. एरवी आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि वर्षातून दोन वेळा तो लोकर टाकतो तेव्हा रोज. त्या दिवसांत मास्तरांच्या अंगणात एका बैठकीला पिशवीभर लोकर निघताना मी पाहिलीय. उशी भरता येईल एवढी.

दुसरं, दम. मोकळा सोडलेला एल्कहाउंड हंगामात दिवसाला २०-३० किलोमीटर सहज तोडतो, तेही दगडधोंड्यांतून आणि दलदलीतून. हंगाम नसतानाही मास्तर त्याला रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास फिरवतात. १ एप्रिल ते २० ऑगस्ट तिथे कुत्रा मोकळा सोडायला कायद्याने बंदी असते, जंगलातल्या पिल्लांना आणि मेंढ्यांना त्रास नको म्हणून. तेव्हा हे सगळं चालणं दोरी हातात धरून. मास्तर सत्तरीतले. मी एक दिवस दोरी धरली, खांदा दोन दिवस दुखत होता.

तिसरं, डोकं. हा कुत्रा मालकापासून दोन-तीन किलोमीटर लांब, एकटा, स्वतः निर्णय घेत काम करतो. त्यामुळे आज्ञाधारकपणाची आपली जी कल्पना आहे, त्यात तो बसत नाही. 'बस' म्हटलं तर बसतो, पण आधी तुमच्याकडे बघून विचार करतो. मारून-ओरडून काही होत नाही, उलट बिथरतो. लहानपणापासून शांतपणे, थोडं थोडं, खाऊ देऊन शिकवावं लागतं. घरच्या माणसांवर जीव लावतो, मुलांशी चांगला वागतो, अनोळखी माणसाला जोखून घेतो. माझ्या नातीचा हात तोंडात धरून तिला अंगणभर फिरवायचा, दाताचा साधा ओरखडा नाही.

चौथं, आवाज. भुंकणं हे त्याचं हत्यार आहे. पिढ्यान् पिढ्या चांगला भुंकतो म्हणूनच त्याला निवडलंय. त्याला "भुंकू नको" सांगणं म्हणजे कीर्तनकाराला "बोलू नका" सांगणं.

पाचवं, पोट. थंडीत काम करणाऱ्या जनावराला भूक जास्त. काम कमी आणि खाणं तेवढंच, की चरबी चढायला वेळ लागत नाही. मास्तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून खाणं देतात. शिवाय या जातीत डोळ्यांचे काही पिढीजात आजार आढळतात, दृष्टी हळूहळू जाणं, काचबिंदू. मूत्रपिंडाचा एक आणि खुब्याच्या सांध्याचा एक. म्हणून आई-बापाच्या तपासण्यांचे कागद बघूनच पिल्लू घ्यायचं असा तिथला रिवाज. नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं जगतो.

आता हे सगळं बडोद्याला आणा.

ट्रॉन्हाइमला जुलैतसुद्धा बहुतेक दिवस १५ ते २० अंश असतात. २५ च्या वर पारा गेला की मास्तर फेरफटका पहाटेवर ढकलायचे आणि बाम्से तळघराच्या गार फरशीवर पसरायचा. बडोद्याला मे महिन्यात ४२-४३ अंश ही बातमीसुद्धा नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरची वाफ काढून तो अंग गार करतो. हवेत दमटपणा वाढला की तेही नीट चालत नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८-३९ अंश असतं, ते ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी खेळ. आणि याच्या अंगावर तर ती लोकर.

"एसी आहे ना, आजोबा." हे मला सांगून झालंय. आहे, मान्य. पण म्हणजे मार्च ते जून, आणि पावसाच्या उघडिपीत पुन्हा, रोज २०-३० किलोमीटर चालणारं जनावर दहा बाय बाराच्या खोलीत. पहाटे पाचला अर्धा तास बाहेर, रात्री अकराला अर्धा तास बाहेर, मधले तेवीस तास भिंती. दिवसभर एसीचं बिल वेगळं. आणि वीज गेली तर?

हा 'तर' मी कल्पनेने लिहिलेला नाही. हैदराबादला माझ्या मेहुण्याच्या सोसायटीत एका घरी हस्की होता. नवरा-बायको दोघेही नोकरीला. कुत्र्यावर दोघांची माया खरी होती, त्याच्यासाठी दिवसभर एसी चालू ठेवून जायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी इमारतीची वीज चार तास गेली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा तो मोरीत पडून होता. डॉक्टरांकडे नेलं, पण वाचला नाही. त्या बाईंचं रडणं मेहुण्याच्या घरापर्यंत ऐकू येत होतं. त्या कुटुंबाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण बर्फातल्या कुत्र्याचा जीव वीजकंपनीच्या भरवशावर ठेवायचा, हा सौदाच मुळात धोक्याचा.

"मग उन्हाळ्यात केस काढून टाकू." हेही ऐकलं. दोन थरांच्या केसांचा कुत्रा भादरू नये असंच जनावरांचे डॉक्टर सांगतात. वरचा थर त्वचेला उन्हापासून वाचवतो. एकदा मुळापासून काढला की नंतर केस ठिगळासारखे, वेडेवाकडे येऊ शकतात. लोकर विंचरून काढायची असते, कापायची नसते.

भुंकण्याचं तर बोलायलाच नको. ज्याचा आवाज जंगलात दोन किलोमीटर जातो, तो तिसऱ्या मजल्यावर एकटा, कंटाळलेला, दुपारी दोनला सुरू झाला की सोसायटीची नोटीस कितव्या दिवशी येईल, ते तुम्हीच सांगा. आणि नोटीस आली की काय होतं तेही आपण पाहतो. कुत्रा आधी गावच्या घरी जातो, मग फार्महाउसवर, मग एक दिवस "कुठे तरी दिला" एवढंच कळतं.

"आजोबा, सवय होते. आपली माणसं नाही का कुठून कुठे गेली आणि रुळली?" हा मुद्दा मात्र पोराने बरोबर काढला, आणि या पानावरच्या सगळ्यांना तो आपला वाटेल. आपण खरंच रुळलो. बडोद्याच्या मराठी घरातली आमटी गोड झाली, इंदूरकर सकाळी पोहे-जिलेबी खायला लागले, आमच्या बेळगावच्या बोलण्यात निम्मी कानडी शिरली. पण आपण रुळलो ते आपला हात चालतो म्हणून. ऊन वाढलं की आपण धोतर-सदरा घातला, माळ्यावरून वाळा काढला, दुपारची झोप लावून घेतली. माझी लेक ट्रॉन्हाइमला रुळली, कारण तिथे गेल्या दिवशी तिने जाड कोट विकत घेतला. कुत्र्याला त्याचा कोट खुंटीला टांगता येत नाही. आणि त्याला कुठे जायचंय हे कोणी विचारतही नाही. आपण गेलो ते पोटासाठी, आपल्या मर्जीने किंवा निदान आपल्या बापजाद्यांच्या मर्जीने. त्याची बदली मात्र नुसत्या एका फोटोवर होते.

एक खुलासा. परदेशी ते वाईट आणि देशी ते चांगलं, असा माझा सूर नाही. उलटा दाखला आमच्याच दाराशी आहे. नोकरीत मी काही वर्षं जमखंडी-मुधोळ भागात शेतीकर्जाचं काम पाहिलं. तिथला मुधोळ कुत्रा, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात सांभाळली, त्यांचं नाव आजही तिथे आदराने घेतात. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्यावर तिकीट काढलं, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या संवर्धनाचं केंद्र आहे.

आता गंमत बघा. मुधोळचं आणि एल्कहाउंडचं वजन जवळपास सारखंच. बाकी सगळं उलटं. एल्कहाउंड आखूड, भरीव, लोकरीचा. मुधोळ उंच, सडपातळ, खोल छातीचा, अंगावर केस असे की नुसता हात फिरवल्यासारखे. तो नाकाने शोधतो, हा नजरेने. तो भक्ष्याला भुंकून थांबवतो, हा मुकाट्याने पळून गाठतो. त्याचं शरीर ऊब जपतं, याचं शरीर ऊब टाकतं. बागलकोटच्या उन्हात तापलेल्या काळ्या मातीवर मी मुधोळला पळताना पाहिलंय, आणि ट्रॉन्हाइमच्या पहिल्या बर्फात बाम्सेला लोळताना पाहिलंय. दोघंही आपापल्या जागी राजे. मुधोळला जानेवारीत ट्रॉन्हाइमला नेलं तर तो कुडकुडून मरेल, आणि मी तिथल्या मास्तरांना तो घेऊ नका असंच सांगेन. इतकंच काय, बडोद्याच्या फ्लॅटसाठी मुधोळचीही शिफारस मी करणार नाही. त्याला पळायला शेत लागतं, साखळीला बांधला तर खंगतो. हवा जुळली तरी काम जुळत नाही.

मग फ्लॅटमधल्या पोराने काय करावं? माझं उत्तर ऐकून नातू हसला, तुम्हीही हसाल. त्याच्या इमारतीच्या खाली गावठी कुत्री आहे, तिची पिल्लं वॉचमनच्या खोलीमागे खेळतात. त्यातलं एक उचल. आपली हवा त्याच्या हाडीमाशी मुरलेली आहे, केस आखूड, खाणं साधं, आणि 'माणसाच्या दाराशी राहणं' हेच त्याचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. फुकट मात्र समजू नकोस. रेबीजची लस, बाकीच्या लसी, जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, योग्य वयात नसबंदी, रोजचं फिरवणं, हा खर्च आणि वेळ प्रत्येक कुत्र्याला लागतोच. आमच्या लहानपणी वाड्यात जो मोत्या होता त्याला यातलं काहीच मिळालं नाही, भाकरतुकड्यावर जगला. आता आपल्याला कळतंय आणि परवडतंय, तर नीट करावं. त्या पिल्लाच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टरचा सगळा खर्च मी देईन, असं नातवाला लेखी कळवलंय. त्याचा निर्णय अजून आलेला नाही. पोरगा हट्टी आहे, आमच्या घराण्याला शोभेल असा.

कोणाला अशी जात अगदी घ्यायचीच असेल, तर बँकेत आम्ही अर्जदाराला विचारायचो तसे काही प्रश्न स्वतःला विचारा. हा कुत्रा मुळात कशासाठी तयार झाला, आणि त्या कामाच्या बदल्यात मी त्याला रोज काय देणार? माझ्या गावच्या मे महिन्यात तो एसीशिवाय दुपार काढू शकेल का? रोज दोन तास, पुढची बारा-पंधरा वर्षं, नोकरी बदलली, लग्न झालं, मूल झालं तरी, त्याला कोण फिरवणार? तो भुंकला तर शेजारी किती सोसतील? आई-बापाच्या डोळ्यांच्या आणि सांध्यांच्या तपासणीचे कागद विक्रेता दाखवतो का, की नुसताच फोटो पाठवतो? आपल्याकडे एल्कहाउंड इतका क्वचित आढळतो की कागद नसतील तर पिल्लू नक्की कशाचं आहे, हीच शंका आधी घ्यावी. यातल्या एकाही प्रश्नाला "बघू नंतर" असं उत्तर येत असेल, तर तो अर्ज मंजूर करण्यासारखा नाही. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, बाकीचे हप्ते बारा-पंधरा वर्षं चालतात. आपण ते चुकवले तर भुर्दंड पडतो कुत्र्यावर.

एवढं लिहून थांबतो. कोणाच्या घरी असा उत्तरेकडचा कुत्रा आधीच असेल तर कृपया वाईट वाटून घेऊ नका. त्याला उन्हाळ्यात दुपारी बाहेर काढू नका, केस भादरू नका, रोज विंचरा, पाणी भरपूर ठेवा, खाणं मोजून द्या, आणि वीज गेली तर घरी धावून येईल असा एक तरी शेजारी सांगून ठेवा. तुमचे अनुभव, माझ्या मताविरुद्ध असले तरी, खाली जरूर लिहा. वहिनींनी लिहिलं तरी चालेल.

लोभ असावा.